बेताबेताने चढावे
(मेजर नंदू जयाल यांची जीवनकथा)



वर्धापनदिन जवळ आला की आपल्या चिटणीसबाई घरोघर फिरून स्मरणिकेसाठी लेख मागतात. आजवर मी लोणच्याची नाहीतर दिवाळीच्या फराळाची एखादी कृती देऊन सुटका करून घेत आले. सातवी झालेल्या बाईने याहून अधिक काय लिहावे, असे मला वाटे. यंदा मात्र मी आपण होऊन एका मोठ्या माणसाचे चरित्र लिहायला घेतले आहे. हा माणूस आपल्या नागपूरचा नव्हे, महाराष्ट्राचाही नव्हे, तो गढवालचा. त्याला जाऊन साठांहून अधिक वर्षे लोटली. डोंगर चढणाऱ्या मंडळींत त्याचे नाव अजून आदराने घेतात, पण आपल्यासारख्या घरसंसारातल्या बायकांच्या कानांवर ते सहसा येत नाही. माझ्या कानांवर ते कसे आले हे आधी सांगते, कारण त्यात माझी फजिती आहे आणि ती लपवून पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

मंडळाचा सकाळचा व्यायामवर्ग मी घेते हे आपल्याला ठाऊक आहेच. रोज सूर्यनमस्कार, महाराजबागेच्या बाजूने भरभर फेरी, आणि मंगळवारी टेकडीच्या गणपतीला पायी जाणे, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. मला सर्दी-पडसे सहसा होत नाही. त्यामुळे माझ्या मनात थोडा ताठा होता, हे आज कबूल करते. गेल्या वर्षी थोरल्या जाऊबाईंबरोबर केदारनाथला गेले तेव्हा तो ताठाही बरोबर घेऊन गेले. जाऊबाई अंगाने स्थूल, त्यांचे गुडघे दुखरे. त्यांना हे झेपेल का, याची घरात सर्वांना काळजी होती. माझी काळजी कोणी केली नाही, मीही केली नाही.

गौरीकुंडापासून केदारनाथ सुमारे १६ किलोमीटर. तेवढ्या वाटेत माणूस पाच हजार फूट वर चढतो. जाऊबाई प्रत्येक चहाच्या टपरीवर टेकत, काठी टेकत, नामस्मरण करत चालल्या आणि रात्रीला वाटेतच लिंचोलीला राहिल्या. मी मात्र त्यांना सोबतच्या मंडळींच्या स्वाधीन केले, पुढे झाले आणि दुपारीच वर पोहोचले. संध्याकाळी डोके ठणकू लागले. जेवण समोर आले तेव्हा मळमळले. रात्री दोनदा उलटी झाली, झोपेत श्वास अडकून दचकून जाग येऊ लागली. कोणाला काही बोलले नाही. व्यायामवर्ग घेणारी बाई आजारी पडली म्हणून कसे सांगायचे? सकाळी जाऊबाई हळूहळू वर आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, त्यांनी दर्शन घेतले. मी मात्र शिखर डोळ्यांसमोर असूनही अंथरुणावरून उठू शकले नाही. तिथल्या डॉक्टरांनी तपासले आणि ताबडतोब खाली उतरायला सांगितले. जसजशी खाली येत गेले तसतसे डोके हलके होत गेले. गौरीकुंडाला पोहोचले तेव्हा मला चक्क भूक लागली होती.

घरी आल्यावर मला आजारापेक्षा अपमानाचे दुःख अधिक झाले. रोज व्यायाम करणारी मी पडले आणि जाऊबाई कशा तरल्या, हा प्रश्न काही सुटेना. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा मित्रांबरोबर डोंगर चढायला जातो. त्याने माझी हकीकत ऐकली आणि हसण्याऐवजी तो गंभीर झाला. पुस्तकांतून वाचून त्याने मला मेजर नंदू जयाल यांची कथा सांगितली. इंग्रजी मला येत नाही, म्हणून तो वाचून सांगे आणि मी वहीत टिपून घेई. त्या वहीवरून हे लिहीत आहे.

नंदू जयाल यांचे पूर्ण नाव नरेंद्र धर जयाल. जन्म २५ जून १९२७. घराणे गढवाली, म्हणजे गंगा-यमुना जिथे उगम पावतात त्या मुलखातले. शिक्षण डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये झाले. ही शाळा १९३५ साली निघाली. तेथे मार्टिन, गिब्सन आणि होल्ड्सवर्थ असे तीन इंग्रज शिक्षक होते आणि तिघांनाही हिमालयाचे वेड होते. सुट्टी लागली की ते मुलांना घेऊन डोंगरात जात. त्यांतले होल्ड्सवर्थ १९३१ साली कामेट या शिखराच्या माथ्यावर जाऊन आले होते. कामेट म्हणजे गढवालातलेच साडेपंचवीस हजार फुटांच्या आसपासचे उत्तुंग शिखर. त्या वेळेपर्यंत माणसाने पादाक्रांत केलेल्या शिखरांत ते सर्वांत उंच होते. अशा जागी जाऊन आलेला माणूस रोज वर्गात शिकवायला उभा राहत असेल, तर मुलाच्या मनात काय पेरले जाईल ते सांगायला नको.

नंदू शाळकरी वयापासूनच या शिक्षकांबरोबर बर्फात जाऊ लागला. १९४६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो गिब्सन आणि होल्ड्सवर्थ यांच्याबरोबर यमुनोत्रीजवळच्या बंदरपूंछ शिखरावर गेला. माथा काही हाती लागला नाही. पण त्या तुकडीत एक शेर्पा होता, त्याची आणि नंदूची ओळख झाली. त्या शेर्पाचे नाव तेनझिंग नोर्गे. पुढे सात वर्षांनी सारे जग ते नाव घेणार होते, परंतु त्या वेळी त्याला दार्जिलिंगबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते.

शिक्षण झाल्यावर नंदू जयाल लष्करात अधिकारी झाले. त्यांची पलटण बेंगॉल सॅपर्स, म्हणजे रस्ते आणि पूल बांधणारे, सुरुंग लावणारे अभियंते सैनिक. काम अंगमेहनतीचे, आणि त्यात हा तरुण तयार झालेला. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. तोवर हिमालयाची शिखरे चढायला येत ते बहुधा परदेशचे लोक, आणि आपली माणसे त्यांची ओझी वाहत. आपला हिमालय आपणच चढावा, ही ओढ ज्या थोड्या तरुणांना लागली त्यांत जयाल अगदी पुढे होते. लष्करातल्या आपल्या सोबत्यांना त्यांनी या मार्गाला लावले.

२९ मे १९५३ रोजी तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. देशभर आनंद झाला. हा उत्साह विरून जाऊ नये, तरुणांना गिर्यारोहण शास्त्रशुद्ध शिकवणारी शाळा आपल्या देशात निघावी, असे पंतप्रधान नेहरू आणि बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी मनावर घेतले. तयारीसाठी तेनझिंग आणि जयाल स्वित्झर्लंडला जाऊन तिकडची शिकवण्याची पद्धत पाहून आले. ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेनझिंग प्रत्यक्ष शिक्षणाचे प्रमुख झाले आणि संस्थेचे पहिले प्राचार्य म्हणून मेजर जयाल यांची नेमणूक झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस होते.

येथे आपणा भगिनींना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. संस्थेचे पहिले बिऱ्हाड दार्जिलिंगच्या रॉय व्हिला नावाच्या घरात होते. हेच ते घर, जिथे १३ ऑक्टोबर १९११ रोजी भगिनी निवेदितांनी देह ठेवला. ज्या घरात त्या साध्वीने अखेरचा श्वास घेतला, त्याच घरात पुढे तरुणांना विरळ हवेत श्वास कसा राखावा याचे धडे मिळू लागले.

शाळेचे पहिले दिवस म्हणजे सारेच नव्याने उभे करायचे. जयाल मुलांना शिकवत आणि स्वतः मोहिमाही काढत. १९५५ साली ते कामेटवर गेले आणि ६ जुलैला त्यांनी माथा गाठला. ज्या शिखरावर गुरुजी १९३१ साली गेले होते, तिथे चोवीस वर्षांनी शिष्य पोहोचला. त्याच मोहिमेत कामेटच्या शेजारचे अबी गामिन हे शिखरही सर झाले. पुढच्या वर्षी ते लडाखकडच्या सासेर कांगरीवर गेले. १९५७ साली नंदादेवीवर मोठी मोहीम नेली. माथा जवळ आला असताना वादळ सुटले आणि जयाल आपल्या माणसांना घेऊन मागे फिरले. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. हाताशी आलेला मान सोडून मागे वळायला मोठी छाती लागते. ती त्यांच्याजवळ होती. ते अविचारी नव्हते. पुढची हकीकत वाचताना हे लक्षात ठेवावे.

१९५८ साली चो ओयू या शिखराची मोहीम ठरली. नेपाळ आणि तिबेट यांच्या सीमेवरचे हे शिखर जगात उंचीने सहावे. जवळजवळ सत्तावीस हजार फूट. पिरोजा रंगाची देवी असा त्या नावाचा अर्थ सांगतात. आठ हजार मीटरहून उंच असलेले शिखर तोवर कोणत्याही भारतीय मोहिमेने सर केले नव्हते. मोहिमेचे नेतृत्व मुंबईचे पारशी वकील केकी बनशा यांच्याकडे होते. पासांग दावा लामा हे अनुभवी शेर्पा बरोबर होते. १९५४ साली ऑस्ट्रियाच्या मंडळींबरोबर चो ओयूच्या माथ्यावर पहिले पाऊल टाकणाऱ्या तिघांत ते होते. सिक्कीमचे सोनम ग्यात्सोही होते. मेजर जयालही या मोहिमेत होते, परंतु त्यांना सर्वांबरोबर निघता आले नाही. तुकडी पुढे गेली आणि ते मागाहून निघाले.

त्या काळी वाटेवर लुक्लाचा विमानतळ नव्हता. तो १९६४ साली झाला. सखल प्रदेशातून पायी निघायचे, डोंगरामागून डोंगर ओलांडत नामचे बाजारला पोहोचायचे आणि तिथून पुढे हिमनदीवरून एकोणीस हजार फुटांच्या आसपासची नांगपा ला खिंड गाठायची. हे चालणे कष्टाचे असे, पण त्यात एक मोठा गुण होता. वाट लांब असल्यामुळे शरीराला विरळ हवेची सवय आपोआप होत जाई. पुढे गेलेल्या मंडळींना ही सवड मिळाली. मागाहून निघालेल्या जयालांना सोबत्यांना गाठायचे होते. पाय बळकट, छाती भरदार, डोंगर लहानपणापासून ओळखीचे. ते झपाझप चालत आले आणि त्यांनी तुकडीला गाठले. विश्रांती न घेता वरच्या तळाकडे चढले. तिथे त्यांना श्वास पुरेना. फुप्फुसांत पाणी भरले. २८ एप्रिल १९५८ रोजी, चो ओयूच्या पहिल्या तळाच्या टापूत, मेजर नंदू जयाल यांचा अंत झाला. एकतिसावे वर्ष पुरे व्हायला दोन महिने उरले होते.

पुतण्या हे वाचत होता तेव्हा मी भाजी निवडत होते. माझे हात थांबले. मला केदारनाथची ती रात्र आठवली. सोबत्यांना मागे टाकण्याची घाई मला झाली होती, सोबत्यांना गाठण्याची घाई त्यांना झाली होती. त्यांची योग्यता कुठे आणि मी कुठे, पण चूक एकाच घरची. मला खाली उतरायला वाट सोपी होती आणि जवळ डॉक्टर होते, एवढाच काय तो फरक.

सोबत्यांनी दुःख गिळून मोहीम पुढे चालू ठेवली. १५ मे १९५८ रोजी सोनम ग्यात्सो आणि पासांग दावा लामा चो ओयूच्या माथ्यावर पोहोचले. पासांग यांची ती दुसरी खेप. भारतीय मोहिमेने आठ हजार मीटरहून उंच शिखर सर करण्याची ती पहिली वेळ होती. दार्जिलिंगच्या संस्थेची धुरा पुढे ब्रिगेडियर ग्यान सिंग यांनी उचलली. १९६० साली त्यांनीच पहिली भारतीय एव्हरेस्ट मोहीम नेली. तिला माथ्याच्या जवळून परतावे लागले. अखेर १९६५ साली कोहली यांच्या नेतृत्वाखाली भारताचे नऊ जण एव्हरेस्टवर चढले आणि त्यांत सोनम ग्यात्सोही होते. जयालांनी लावलेले रोप असे वाढले. ते पाहायला मात्र ते नव्हते.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. एवढा बळकट माणूस असा का गेला?

उंचावर हवेतला प्राणवायूचा भाग तेवढाच असतो, पण हवेचा दाबच कमी होतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात हवा थोडी येते. आपले नागपूर समुद्रापासून हजार फुटांवर. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. आपल्याला हे स्वयंपाकघरातून सहज समजेल. दाब कमी झाला की पाणी लवकर उकळते. साडेअकरा हजार फुटांवर ते ८८ अंशांच्या आसपासच खळखळू लागते. म्हणून तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, कुकरच लागतो. पाणी उकळलेले दिसते पण डाळ कच्ची राहते, तसेच माणूस वर पोहोचलेला दिसतो पण त्याचे शरीर अजून तयार झालेले नसते.

शरीराला ही तयारी करायला दिवस लागतात. श्वास हळूहळू खोल होतो, रक्तात बदल होतात. हे काम दंडातले किंवा मांड्यांतले बळ करत नाही. रोज व्यायाम करणाऱ्याला चढताना दम कमी लागतो, थकवा कमी येतो, हे खरे. परंतु विरळ हवेचा आजार व्यायामाने टळत नाही. धडधाकट तरुणालाही तो होतो आणि स्थूल बाई त्यातून सुटू शकते. उलट बळकट माणसाला धोका एका परीने अधिक असतो, कारण त्याचे पाय त्याला शरीराच्या तयारीपेक्षा लवकर वर नेऊन पोहोचवतात. जाऊबाईंच्या गुडघ्यांनी त्यांना हळू चालवले आणि मुक्काम करायला लावला. ते दुखरे गुडघेच त्यांचे राखणदार ठरले.

हा आजार साधा असतो तेव्हा डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही, अन्न नकोसे होते. अशा वेळी आणखी वर न जाता तिथेच थांबले तर बहुधा एक-दोन दिवसांत उतार पडतो. तसेच वर जात राहिले तर तो उग्र होऊ शकतो. मग फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो आणि चक्का टांगलेल्या फडक्यातून पाणी पाझरावे तसे पाणी वाहिन्यांतून पाझरून हवेच्या जागेत साठते. माणूस स्वस्थ बसला तरी धापा टाकतो, खोकतो, ओठ निळसर होतात, गुलाबी फेस पडतो. कधी पाणी मेंदूत भरते. मग माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो. या दोन्हींवर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरवणे. प्राणवायू आणि औषधे मदतीला येतात, पण उतरायला उशीर झाला तर काही तासांत प्राण जाऊ शकतो.

जयाल गेले त्या काळी उंचावर फुप्फुसात पाणी भरून कोणी गेले की बहुतेक वेळा न्यूमोनिया झाला असे म्हणत. दोनच वर्षांनी, १९६० साली, चार्ल्स ह्यूस्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने या आजारावर लेख लिहिला आणि हा न्यूमोनिया नसून उंचीचाच परिणाम आहे हे जगातल्या डॉक्टरांच्या ध्यानी आणून दिले. हे ह्यूस्टन १९३६ साली आपल्या नंदादेवीच्या मोहिमेत आले होते, हा एक योगायोग.

पुढे १९६२ चे चीनचे युद्ध आले. मैदानातल्या आपल्या जवानांना घाईघाईने बर्फाच्या चौक्यांवर न्यावे लागले आणि जवान या आजाराने पडू लागले. ती सारी निवडून घेतलेली, कवायत केलेली तरुण पोरे होती. लष्कराचे डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसात पाणी झालेल्या ३३२ जवानांचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध केला आणि १९६९ साली १,९२५ जवानांचा. जगभरचे डॉक्टर आजही त्या अभ्यासांचा आधार घेतात. आपल्या लष्कराने पुढे नियमच घालून दिला. नऊ ते बारा हजार फुटांवर आधी सहा दिवस राहायचे, बारा ते पंधरा हजारांवर आणखी चार दिवस आणि त्याहून वर जायचे तर आणखी चार. जवान कितीही बळकट असो, त्याला यातून सूट नाही. आपल्या बर्डीच्या किल्ल्याच्या फाटकावर उभा असलेला जवान पाहिला की आता मला हा नियम आठवतो.

मी पुष्कळ दिवस विचार करत होते की जयालांसारख्या जाणत्या माणसाला कोणी थांबवले का नसेल. मला वाटते, जो सर्वांत बळकट त्याची काळजी कोणी करत नाही आणि जो सर्वांना शिकवतो त्याला शिकवायला कोणी धजत नाही. शिवाय त्या वेळी या आजाराची पुरती ओळखच नव्हती. त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. नंदादेवीवर वादळ आले तेव्हा ते मागे फिरले, कारण वादळ डोळ्यांना दिसते. हे संकट दिसत नाही. त्यांच्यासारख्यांचे प्राण गेले म्हणून आज ते आपल्याला समजले आहे. समजूनही आपण डोळेझाक केली तर दोष आपला राहील.

हे सारे आज लिहायचे कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे. येत्या हंगामात मंडळाची सहल लेहला न्यायची ठरली आहे. दिल्लीहून विमानात बसलो की तास-दीड तासात आपण साडेअकरा हजार फुटांवर असू. जयालांना निदान पायी चालावे लागले होते. आपल्याला तेवढीही सवड मिळणार नाही. मागच्या सभेत कार्यक्रम ठरला तेव्हा पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसते बसून राहण्यात पैसा वाया जातो, असे पुष्कळ भगिनींचे मत पडले. दुसऱ्याच दिवशी सतरा हजार फुटांहून उंच असलेल्या खारदुंग ला खिंडीत जाऊन फोटो काढावेत, असे ठरत आले होते. व्यायामवर्गाच्या बायकांना काही होणार नाही, असेही कोणी म्हणाले आणि माझ्याकडे पाहिले. त्या वेळी मी गप्प बसले. केदारनाथची हकीकत मी तोवर कोणाला सांगितली नव्हती. ते गप्प बसणे मनाला खात होते, म्हणून आज छापून सांगते.

ते दोन दिवस कार्यक्रमातून काढू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दोन दिवस पाणी प्यावे, हलके जेवावे, गप्पा माराव्यात, फार हिंडू नये. हे दिवस वाया जात नाहीत. त्या दिवसांत शरीर आपले काम करत असते. आपल्याला ते दिसत नाही एवढेच. ज्यांना हृदयाचा, छातीचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. या आजाराच्या प्रतिबंधासाठी गोळी मिळते, पण तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, शेजारणीचे ऐकून नव्हे. लेहहून पुढे मुक्काम हलवताना उंची थोडी थोडी वाढवावी. वर दिवसभर जाऊन आलो तरी झोपायला खालीच यावे. आणि दोघी-दोघींच्या जोड्या कराव्यात. एकीने दुसरीला सकाळ-संध्याकाळ विचारायचे, डोके दुखते का, जेवण गेले का, झोप लागली का. खरे उत्तर द्यायचे. दुखणे लपवणे म्हणजे धैर्य नव्हे, हे मी अनुभवाने सांगते. एकीला उतरवायची वेळ आली तर तिच्याबरोबर दुसरीने उतरायचे आणि तिला सहल बुडाली म्हणून बोल लावायचा नाही.

दोन रात्रींच्या खोल्यांचा खर्च वाढेल हे मला कळते. त्यासाठी वाटेतल्या खरेदीला कात्री लावू, हवे तर दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून थोडी भर घालू. मी माझ्या वाटणीच्या चकल्या दुप्पट करायला तयार आहे.

व्यायामवर्ग मी बंद केलेला नाही. उद्याही सकाळी सहाला आहेच. व्यायाम अवश्य करावा, तो आपल्याला घरात आणि बाहेर उपयोगी पडतो. एवढेच की शरीर कमावले म्हणून डोंगराने आपले काही देणे लागत नाही. मेजर जयाल तीस वर्षे जगले आणि त्यांनी देशातल्या तरुणांना डोंगराची वाट दाखवली. त्यांच्या जाण्यातून आपण बायकांनी निदान हळू चालायला शिकावे, म्हणून हा खटाटोप.

लेहला माझ्या जाऊबाईही येणार आहेत. चालताना सर्वांत पुढे त्यांना ठेवावे आणि त्यांच्या पुढे कोणी जाऊ नये, असे मी सुचवते. मी त्यांच्या मागे चालेन. लिहिण्यात काही चुकले असल्यास सुज्ञ भगिनींनी सांभाळून घ्यावे.